रज्जूचे माप आणि पाण्याची साक्ष



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला निमंत्रण दिले की तो संतवाङ्मयावर किंवा भाषेच्या भवितव्यावर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आणि तो बहुधा खरा ठरतो. आज मी मज्जारज्जूच्या मापाविषयी बोलणार आहे. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ शाळेत बोलायचे, तर शाळेतील मुलांच्या हिताशी ज्याचा संबंध आहे असेच काही बोलावे, असे मला वाटले. मज्जारज्जूचे माप आणि कुक्षीच्या शाळेतील मूल यांचा संबंध काय, हे उलगडण्यासाठीच मी आपला वेळ मागतो आहे. मी वैद्य नाही. त्या शास्त्रातील जाणत्यांनी जे सिद्ध केले ते समजून घेऊन आपल्या भाषेत सांगणे, एवढेच माझे काम.

प्रारंभ शब्दांपासून करतो. ती माझी सवय आहे. मराठीत कण्याचे वाक्प्रचार उदंड आहेत. ताठ कण्याचा माणूस, कणा मोडलेले घर, शेती हा देशाचा कणा. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता तर आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असेल. परंतु ज्या कोमल वस्तूच्या रक्षणासाठी निसर्गाने हा अस्थींचा कोट रचला, तिच्याविषयी आपली बोली जवळजवळ मुकी आहे. 'मज्जारज्जू' हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून आला आणि पाठ्यपुस्तकातच राहिला. काहींना येथे सुषुम्ना नाडीचे स्मरण होईल. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन अपूर्व आहे, यात शंका नाही. तथापि योगानुभवाची भाषा शरीररचनाशास्त्राच्या भाषेवर चिकटविली तर दोहोंवरही अन्याय होतो. म्हणून तो मोह टाळून मी पुढे जातो.

'रज्जू' म्हणजे दोर. हा दोर आपल्या परंपरेत मोजण्याचे पहिले साधन होता. वेदी रचण्याचे गणित सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरच. आपल्या धारचा राजा भोज याच्या नावावर असलेला वास्तुविद्येचा ग्रंथ म्हणजे 'समरांगणसूत्रधार'. सूत्र धरणारा, दोरी लावून माप घेणारा तो सूत्रधार. नाटकातला सूत्रधार पुष्कळांना ठाऊक असतो, बांधकामावरचा हा सूत्रधार मात्र आपण विसरलो. भास्कराचार्यांच्या ११५० मधील 'लीलावती'त आठ यवांचे एक अंगुल असे कोष्टक आहे. यव म्हणजे जवाचा दाणा. दोराने भूमी मोजणारा माणूस आज स्वतःच्या पाठीतील दोर मोजू लागला आहे, आणि जवाच्या दाण्याहून कितीतरी सूक्ष्म मापाने मोजतो आहे.

हा दोर आहे तरी केवढा? प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर. मेंदूच्या बुडापासून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेच्या वरच्या भागात त्याचा आडवा छेद घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७० ते ८० चौरस मिलिमीटर भरते. म्हणजे आजच्या एक रुपयाच्या नाण्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे. मागे-पुढे जाडी सुमारे आठ मिलिमीटर, म्हणजे भास्कराचार्यांच्या हिशेबाने तीन-साडेतीन यव. एवढ्याशा जागेतून हातापायांना जाणाऱ्या सर्व आज्ञा खाली उतरतात आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या सर्व वार्ता वर चढतात. छेदाच्या मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग असतो आणि त्याभोवती तंतूंचा श्वेत भाग. हातापायांच्या त्वचेला जखम झाली तर ती भरून येते, हाड मोडले तर सांधते. मज्जारज्जूतील नष्ट झालेली पेशी मात्र पुन्हा उगवत नाही. या विषयातील सारे गांभीर्य या एका वस्तुस्थितीत आहे.

जिवंत माणसाचा मज्जारज्जू पाहण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. क्ष-किरणांना हाडे दिसतात, त्यांच्या आतील मऊ दोर दिसत नाही. १९२१ पासून पाठीत सुई घालून मणक्यांच्या नळीत क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडण्याची पद्धत आली. त्यामुळे दोराची सावली दिसू लागली, पण रुग्णाला त्याची किंमत वेदनेने मोजावी लागे. खरा पालट झाला तो चुंबकीय अनुस्पंदनामुळे. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये पदार्थातील अणुकेंद्रांचे हे अनुस्पंदन स्वतंत्रपणे मोजून दाखविले, आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. त्यापासून चित्र काढता येईल हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविले. पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याचे गणित आणि वेग वाढविला. या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. लोकांच्या तोंडी आज ज्याला 'एमआरआय' म्हणतात ते हेच.

या यंत्राला शरीरातील नेमके काय दिसते? त्याला पाणी दिसते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक. रुग्णालयात सामान्यतः दीड टेस्ला शक्तीचा चुंबक असतो; पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तो काही दहा हजार पट प्रबळ. त्याच्या क्षेत्रात ही अणुकेंद्रे क्षेत्राच्या दिशेने किंचित अधिक कलतात. हा कल किती? दहा लाखांत सुमारे पाच. तेवढ्या अल्प बहुमतावर सारे चित्र उभे आहे! मग सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख आंदोलनांची रेडिओलहर सोडली की ती अणुकेंद्रे डोलतात, आणि लहर थांबल्यावर पूर्वस्थितीला येताना स्वतः एक क्षीण संदेश देतात. मेरुद्रवातील मोकळे पाणी, तंतूंच्या वेष्टनात अडकलेले पाणी आणि सुजलेल्या ऊतकातील पाणी ही वेगवेगळ्या गतीने पूर्वस्थितीला येतात. त्या फरकातून काळ्या-पांढऱ्या छटा उमटतात. देहातील पाण्यानेच देहाची साक्ष द्यावी, असा हा प्रकार आहे. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पाण्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

चित्र दिसणे ही एक पायरी आणि माप घेणे ही दुसरी. चित्राकडे पाहून वैद्य म्हणतो, 'दोर दबलेला दिसतो.' माप घेणारा विचारतो, 'किती? आणि गेल्या वर्षी किती होता?' लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील संशोधकांनी १९९६ मध्ये यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या रुग्णांत मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर त्यांनी लागोपाठचे पाच छेद घेतले, प्रत्येकाचे क्षेत्रफळ काढले आणि त्यांची सरासरी धरली. दोर जितका रोडावलेला, तितके अपंगत्व अधिक, असा संबंध त्यांना आढळला. दुसरा मणका निवडण्याचे कारण सरळ आहे. तेथे नळी रुंद असते, दोराभोवती मेरुद्रवाचे मोकळे कडे असते आणि चकतीचा फुगवटा आड येत नाही. मोजणाऱ्याने प्रथम सपाट जागा शोधावी, हा जमीनमोजणीचा नियम येथेही लागू पडतो.

तरीही अडचणी पुष्कळ. त्या विकारात दोराचे क्षेत्रफळ वर्षाला सरासरी एक ते दोन टक्के घटते. पंच्याहत्तर चौरस मिलिमीटरांचा एक टक्का म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर. चित्राचा एकेक ठिपका एक मिलिमीटर बाजूचा असेल, तर वर्षभराची हानी एका ठिपक्याहूनही कमी झाली! त्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेरुद्रव हेलकावतो, श्वासाबरोबर छाती हलते, आणि हाड व फुफ्फुसातील हवा यांच्या सान्निध्याने चुंबकीय क्षेत्र वाकडे होते. हाताने रेघ ओढून कड ठरविली तर दोन माणसांच्या रेघा जुळत नाहीत. म्हणून आता संगणकाकडून कड शोधली जाते. माँट्रियलमध्ये विकसित झालेले मज्जारज्जूच्या मोजणीचे एक संगणकीय साधन २०१७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. २०२१ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रीतीने मोजणी कशी करावी याची संहिताही तयार झाली. जेथे माप आहे तेथे मापाचा करार हवा. प्रत्येक बाजारपेठेचा शेर वेगळा असता, तर व्यापार झाला असता काय?

मापाविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. निरोगी माणसांतही दोराची जाडी सारखी नसते. पुरुषांत ती सरासरीने अधिक, आणि वयाबरोबर किंचित घटते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी तुलना करावी लागते. १९९० मध्ये अमेरिकेत मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या ६३ जणांच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. चाळिशीपुढील व्यक्तींपैकी २८ टक्के लोकांच्या प्रतिमेत काही ना काही दोष आढळला. माझ्या वयाच्या श्रोत्यांनी अहवालातील शब्द वाचून घाबरू नये, तो आपल्या वैद्यासमोर ठेवावा, एवढा बोध त्यातून घेता येतो. माप हे लक्षणांच्या शेजारी ठेवून वाचायचे असते.

आता मी आपल्या प्रदेशाकडे वळतो. हे सारे लंडन-माँट्रियलचे शास्त्र धार जिल्ह्यात कोठे येऊन भिडते? ते येऊन भिडते हातपंपाच्या तोटीपाशी.

धार आणि झाबुआ हे जिल्हे भूजलात फ्लोराइड असलेल्या प्रदेशात मोडतात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हीच व्यथा आहे. खडकातील फ्लोराइड पाण्यात हळूहळू विरघळते. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकाच्या सहवासात, तितका धोका अधिक. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळले तर ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे.

त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की ते हाडांत साठते. हाड दिसायला घट्ट पण ठिसूळ होते. मणक्यांना बांधणारे अस्थिबंध हाडासारखे कठीण आणि जाड होत जातात. बाहेरून पाठ ताठरते, मान वळत नाही, उकिडवे बसता येत नाही. आत मज्जारज्जूची नळी चहूबाजूंनी अरुंद होते. मानेच्या नळीची मागे-पुढे रुंदी निरोगी प्रौढात साधारण १७-१८ मिलिमीटर असते. ती १० मिलिमीटरांच्या खाली गेली की दोराला जागा उरत नाही. मग पाय जड होतात, चाल अडखळते, बोटे बधिर होतात, आणि शेवटी माणूस अंथरुणाला खिळतो. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही. पण ज्यांच्या बाबतीत होते त्यांचे घर कोलमडते. भारतात या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. पंजाबातील डॉ. अमरजित सिंग, डॉ. जॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मज्जासंस्थेवरील त्याचे परिणाम वर्णिले. तेव्हा त्यांच्या हाती एमआरआय नव्हते. आज ते आहे. त्यामुळे कोणत्या मणक्यापाशी दोर किती दबला आणि शस्त्रक्रियेने त्याला कोठे मोकळे करता येईल, हे मिलिमीटरांत सांगता येते.

परंतु येथेच माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे. मज्जारज्जूचे माप हे विलंबाने आलेले माप आहे. इंदूरसारख्या शहरी जाऊन त्या बोगद्यात निजणारा शेतकरी वीस-तीस वर्षे तेच पाणी प्यालेला असतो. शस्त्रक्रिया दाब काढू शकते, गेलेल्या पेशी आणू शकत नाही. देहातील पाण्याने यंत्रापुढे दिलेली साक्ष कितीही अचूक असली, तरी ती निकालानंतरची साक्ष आहे. जी साक्ष वेळेवर उपयोगी पडते ती हातपंपाच्या पाण्याची. आणि ती घ्यायला चुंबक लागत नाही. परीक्षेच्या लहान संचात पाण्याचा नमुना घेऊन द्रावणाचे थेंब टाकावेत. फ्लोराइड जसजसे अधिक, तसतसा रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे झुकतो. हे काम आठवीतील मूलही करू शकते.

येथे इतिहासातील एक धडा आठवतो. आपल्या पिढीने नारू पाहिला आहे. पायातून बाहेर येणारा तो कृमी पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यातून पसरत असे. त्याच्या निर्मूलनासाठी बावड्यांचे पाणी पिणे सोडून हातपंपांचे पाणी प्यावे, असा प्रचार झाला आणि तो योग्यच होता. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हा विजय थोर आहे. मात्र उथळ पाण्याकडून खोल पाण्याकडे जाताना ते खोल पाणी ठिकठिकाणी मोजलेले नव्हते. कृमी गेला, आणि काही गावांत त्याच्या जागी न दिसणारे दुखणे आले. उपायालाही माप लावावे लागते, हा तो धडा. आणि ते माप गावाला एक असे चालत नाही. एका पंपाचे पाणी दूषित आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्याचे निर्दोष, असे या बाबतीत नेहमी आढळते. प्रत्येक स्रोताचा हिशेब वेगळा.

उपाय नाहीत असे नाही, आणि त्यांपैकी एक आपल्या मराठी मुलुखातून आला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची रीत बसविली. आंध्रातील ज्या बाधित जिल्ह्याचे नाव तिला मिळाले तो नलगोंडा आज तेलंगणात आहे. बादलीत द्रव्ये घालावीत, ढवळावे, गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणी निवळून घ्यावे. प्रमाण मात्र त्या पाण्याच्या तपासणीवरूनच ठरते. पुढे याच संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने धार आणि झाबुआ जिल्ह्यांत सुरक्षित पाणी आणि पोषक आहार यांची सांगड घालणारे काम केले. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पोटात गेले तर फ्लोराइडचा उपद्रव सौम्य होतो. म्हणून ताक, आवळा, शेवगा आणि पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा आपला टाकळा यांचे मोल ओळखले पाहिजे. केंद्र शासनाचा फ्लोरोसिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. योजना कागदावर आहेत; त्यांना विचारणारा गावात हवा.

तो विचारणारा शाळेतून उभा राहू शकतो, असे मला वाटते. कारण फ्लोराइडची पहिली खूण मुलाच्या दातांवर उमटते. आठ वर्षांच्या आत, दात घडत असताना, असे पाणी पोटात गेले तर दातांवर आडवे खडूसारखे पट्टे येतात आणि पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. ते घासून जात नाहीत. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे मके नावाच्या तरुण दंतवैद्याला १९०१ मध्ये असे दात दिसले. त्यांचे कारण फ्लोराइड आहे हे चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये पाणी मोजल्यावर कळले. पाहणे आणि मोजणे यांच्यामध्ये तीस वर्षे गेली! आपल्याला तीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. असे दात असलेले मूल हसताना तोंडावर हात धरते. 'दात घासत नाहीस का?' म्हणून त्याला बोलणीही खावी लागतात. तो त्याचा दोष नाही. त्याच्या दातांवर गावच्या पाण्याचा अहवाल लिहिलेला आहे, आणि तो वाचता येणे हा शिक्षकाच्या साक्षरतेचा भाग आहे. कारण दातांवरचा पट्टा दिसतो तेव्हा मज्जारज्जू अजून निरोगी असतो. वीस वर्षांचा अवधी आपल्या हाती असतो.

म्हणून शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती थोडीच आहे. वर्षातून एकदा, कोणालाही न लाजविता, मुलांचे दात जाणत्या दंतवैद्याकडून पाहून घ्यावेत. ज्या वस्त्यांतून अशी मुले येतात तेथील प्रत्येक पंपाचे पाणी विज्ञानाच्या तासाला तपासावे आणि आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत. पुढच्या वर्षी त्याच वहीत त्याखाली नवे आकडे लिहावेत. दूषित पंपाची माहिती पंचायतीला आणि लोकस्वास्थ्य यांत्रिकी विभागाला लेखी द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी संचाच्या खर्चाचा भार उचलावा. एका एमआरआयला जेवढा पैसा लागतो तेवढ्यात कित्येक पंपांची परीक्षा होते.

आपल्या गावाचे नाव उच्चारताना मला संस्कृतातील 'कुक्षी' हा शब्द आठवतो. गावनामाची व्युत्पत्ती मी सांगत नाही. कुक्षी म्हणजे उदर, आणि त्याच शब्दापासून मराठीची 'कूस' आली. भूमीच्या कुशीतील पाणी मुलाच्या कुशीत जाते आणि तेथून त्याच्या हाडांत उतरते. या प्रवासाच्या शेवटच्या टोकाला लाखमोलाचे यंत्र उभे आहे, आणि ते निर्माण करणाऱ्या बुद्धीला माझे वंदन आहे. पहिल्या टोकाला मात्र एक लहान बाटली, चार थेंब आणि एक वही पुरते. तेथे उभे राहण्याचे काम शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी करावे. या शाळेतील कोणत्याही मुलाच्या मज्जारज्जूचे माप घेण्याची वेळ पाण्यामुळे येऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.